चमकतंय ती चरबीच ना?

मायक्रोस्कोपखालची छायाचित्रं दाखवली की कुणीतरी हमखास विचारतं, "हे जे चमकतंय, ती चरबीच ना?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: पेशींमध्ये बहुधा हो. अख्ख्या प्राण्यात मात्र मी लगेच मान डोलावत नाही.

पेशीतला मेदबिंदू म्हणजे साठवलेल्या चरबीचा थेंब: आत ट्रायग्लिसराइड आणि स्टेरॉल एस्टर हे मेद, भोवती फॉस्फोलिपिड या पडद्यातल्या मेदाचा एकेरी थर. ऑइल रेड ओसारखे जुने रंग वापरायचे तर पेशी आधी फिक्स करावी लागते, म्हणजे रसायनानं आहे तशी गोठवून मारावीच लागते. थेंब वाढतोय की आटतोय हे मग कसं कळणार? जिवंत पेशीतही चालणाऱ्या नाईल रेड या चमकत्या रंगानं ही अडचण दूर केली. तो मेदबिंदू निवडून रंगवतो, हे ग्रीनस्पॅन आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवलं. पाण्यात तो जवळजवळ विझलेला असतो, तेलात शिरला की उजळतो. शिवाय थेंबात सोनेरी-पिवळा दिसतो आणि पेशीच्या पडद्यांत लाल. त्यामुळे लाल फिल्टर लावून बसलात तर सगळे पडदे उजळतात आणि पेशी चरबीनं ठासून भरल्यासारखी वाटते. बॉडिपी ४९३/५०३ हा असाच आणखी एक चमकता रंग, हिरवा आणि आटोपशीर. लाल बाजू दुसऱ्या रंगासाठी मोकळी राहते, म्हणून मला तोच आवडतो.

खरी गंमत सी. एलिगन्समध्ये झाली. हा जेमतेम एक मिलिमीटरचा पारदर्शक कृमी. त्याच्या खाण्यातल्या जिवाणूंबरोबर नाईल रेड द्यायचा की आतडं झगमगतं. इतकं सोपं, की २००३ मध्ये याच झगमगाटावरून मेदाशी संबंधित शेकडो जनुकं शोधली गेली. पण डॅफ-२ हे जनुक बिघडलेले कृमी चरबी साठवतात, आणि तेच कमी चमकत होते! २००९ मध्ये उलगडा झाला: जिवंत कृमीनं गिळलेला रंग आतड्याच्या पेशींतल्या लायसोसोमसारख्या (म्हणजे पेशीतला कचरा पचवणाऱ्या पिशव्यांसारख्या) कणांत जाऊन बसतो, चरबीच्या मुख्य साठ्यात नाही. कृमी फिक्स करून तोच रंग दिला, तर मात्र साठा नीट रंगतो. वर हे कण रंगाशिवायही थोडेफार चमकतातच.

म्हणून कृमीचं छायाचित्र कुणी आणलं, की मी आधी रंग न दिलेल्या कृमीचं मागते. मग फिक्स केलेल्याचं. शंका उरलीच तर एसआरएस (स्टिम्युलेटेड रामन स्कॅटरिंग) ही लेझरवर चालणारी मायक्रोस्कोपी. तिला रंगच लागत नाही, चरबीतल्या कार्बन-हायड्रोजन बंधांची कंपनंच ती टिपते. फक्त तिचे लेझर महागडे, आणि नंबर लावून बसावं लागतं.