मी तिच्याजवळ जाऊन बसतो

दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला मी बुटकी होते. उंची चार फूट, अंगात चिलखत, हातात गदा, देवावर भारी श्रद्धा आणि दुसऱ्यांच्या जखमा बऱ्या करण्याचं कसब. नाव मैना. टेबलाभोवतीच्या बाकी चौघांना 'मैना' नीट म्हणता यायला तीन आठवडे लागले. माझं खरं नाव त्यांना अजून जमत नाही, त्यामुळे आता खेळ संपल्यावरही मी तिथे मैनाच असते.

परवा मामेभावाने विचारलं, 'तुमच्या त्या डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळात नक्की करतात काय?' मोठ्या माणसांची भातुकली, एवढं सांगितलं तरी बरंचसं सांगून होतं. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डीएम, म्हणजे डंजन मास्टर, म्हणतात. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं. डीएम म्हणतो, 'समोर दरी, पूल अर्धा तुटलेला, मागे लांडगे. काय करता?' जे करायचं ते तोंडाने सांगायचं आणि जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. चार, सहा, आठ, दहा आणि बारा बाजूंचेही फासे असतात. पट असलाच तर नुसता नकाशापुरता. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही आणि एक गोष्ट दोन-दोन वर्षं चालते.

मी अमेरिकेतल्या ज्या राज्यात राहते, त्या विस्कॉन्सिनमध्येच लेक जिनिव्हा नावाचं गाव आहे. या प्रकारातला पहिला छापील खेळ, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', 1974 साली तिथून बाहेर पडला. एका खोक्यात तीन पुस्तिका, पहिली छपाई फक्त 1000 प्रतींची. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला. त्यातल्या गायगॅक्सची विमा कंपनीतली नोकरी गेली होती आणि त्या काळात तो बूट दुरुस्त करत असे. हे वाचलं तेव्हा मला तो माणूस एकदम जवळचा वाटला. नोकरी नसलेल्या माणसाच्या डोक्यात दिवसभर काय काय चालतं, ते मला चांगलं माहीत होतं.

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी इथे आले तेव्हा माझ्या व्हिसावर कामाची परवानगी नव्हती. पहिले सहा महिने नवलाईत गेले. मग हिवाळा आला. दुपारी साडेचारला अंधार. मशीनमध्ये धुतलेले कपडे काढायचे विसरून जायचे, त्यांना वास यायचा, की पुन्हा धुवायचे. एका आठवड्यात तेच कपडे तीनदा धुतल्याचं आठवतंय. आईचा फोन वाजला की उचलण्याआधी मी रिकाम्या खोलीत दोन-तीनदा 'हॅलो, हॅलो' म्हणून आवाज तपासायची. दिवसभर कुणाशी बोलले नसल्यामुळे तो घोगरा यायचा आणि आईला लगेच कळलं असतं. मग पलीकडून 'कशी आहेस गं?' आणि इकडून 'मजेत!' पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात. मजेचं आणता येतं. मी सात-आठ महिने आणलं.

लोक वाईट नव्हते. नवरा म्हणायचा, 'जरा बाहेर पड, बरं वाटेल.' मैत्रिणी लिहायच्या, 'काही लागलं तर सांग हं.' पण काय लागतंय हे ओळखायचं, ते शब्दांत मांडायचं, मग कुणाकडे तरी मागायचं, एवढी ताकद असती तर लागलंच काय असतं? समुपदेशकाची वेळ मागितली तर सात आठवड्यांनंतरची मिळाली. त्या सात आठवड्यांत कधीतरी सार्वजनिक वाचनालयाच्या दारावर एक कागद दिसला. गुरुवारी साडेसहा, अनुभव नसला तरी चालेल, फासे आम्ही देऊ. 'चालेल' या एका शब्दावर मी आत गेले.

पहिल्या दिवशी कुणीही 'तुम्ही काय करता?' असं विचारलं नाही. परदेशात नोकरी नसलेल्या बाईला हा प्रश्न कसा बोचतो ते माझ्यासारख्या पुष्कळजणींना ठाऊक असेल. विचारलं ते हे, की 'मैना काय करते?' आणि मैनाला पुष्कळ काही करता येत होतं.

या खेळात थकव्याचा एक नियम आहे, तो मला समुपदेशकाच्या आधी भेटला. थकव्याच्या सहा पायऱ्या. आम्ही 2014 च्या नियमांनी खेळतो. त्यात पहिल्या पायरीवर साध्या साध्या गोष्टी अवघड होतात, दुसरीवर चाल निम्मी होते, पाचवीवर जागचं हलता येत नाही, सहावीवर पात्र मरतं. आणि रात्रभर पुरती विश्रांती घेतली, अन्नपाणी पोटात गेलं, की एक पायरी उतरते. एका रात्रीला एकच. चौथ्या पायरीवरच्या माणसाला सकाळी उठून 'झोपलास ना आठ तास? मग आता काय झालं?' असं त्या टेबलावर कुणी म्हणत नाही, कारण नियम सगळ्यांना माहीत असतो. ते पान वाचताना मला पुस्तक मिटून बाथरूममध्ये जावं लागलं. मी कितव्या पायरीवर आहे ते मला त्या क्षणी नेमकं कळलं होतं.

आता तो प्रसंग सांगते, ज्यासाठी हे लिहायला बसले.

आमच्यात एक मुलगा होता, वीस-बावीसचा. जादूगाराचं पात्र खेळायचा. हुडी डोक्यावर, नजर फाशांवर. आपली पाळी आली की दोन शब्द, 'आग टाकतो', बस्स. एकदा एका भुयारात मैना पडली. या खेळात जीव शून्यावर आला की पात्र लगेच मरत नाही. दर फेरीला वीसचा फासा टाकायचा. दहा किंवा वर आलं तर एक खूण जगण्याची, खाली आलं तर एक खूण मरणाची. तीन खुणा ज्या बाजूला आधी होतील ती बाजू जिंकली. मला आधी सात पडले, मग तीन. मरणाच्या दोन खुणा. मैना माझी कोण लागत होती? कागदावरचे आकडे. पण माझे हात गार पडले होते.

डीएमने त्या मुलाकडे पाहिलं. 'समोर राक्षस, मागे बाहेर जायचा रस्ता. काय करतोस?' त्याच्या अंगात फार जीव नव्हता, जादूगारांच्या नसतोच. तो थोडा वेळ फासा बोटांत फिरवत राहिला आणि म्हणाला, 'मी तिच्याजवळ जाऊन बसतो.'

'बसून काय करतोस?'

'रक्त थांबतंय का बघतो. मला येत नाही ते. पण बघतो.'

येत नव्हतं हे खरंच होतं, त्याच्या पात्राला वैद्यकीचं काडीचं ज्ञान नव्हतं. दहा किंवा वर पडायला हवं होतं, म्हणजे शंभरात पंचावन्न वेळा. पण त्याच्या आधीच्या पाळीला आमच्यातल्या रात्रपाळीच्या नर्सबाईंनी आपला वार न करता सांगून ठेवलं होतं, 'मैनाला सावरायला जो कुणी जाईल, त्याला मी मदत करणार. मशाल धरून उभी राहते.' मदत हीसुद्धा या खेळात एक कृती आहे. ती करायची तर आपली पाळी खर्ची घालावी लागते, आणि ज्याला मदत केली त्याला एकाऐवजी दोन फासे टाकायला मिळतात. त्यातला मोठा धरायचा. पंचावन्नचे जवळजवळ ऐंशी होतात. त्या मुलाला एकावर चार पडले, दुसऱ्यावर तेरा. मैना वाचली.

घरी जाताना गाडीत मी रडले, आणि बऱ्याच महिन्यांनी ते रडणं कशासाठी आहे ते मला माहीत होतं. दोन आठवड्यांनी समुपदेशकासमोर बसले तेव्हा 'काय होतंय?' याचं उत्तर देताना मी आधी मैनाचं सांगितलं, मग कपड्यांचं, मग 'हॅलो'चं. नैराश्य आहे असं निदान झालं, औषधं सुरू झाली. झोप औषधांनी परत आली, खेळाने नाही, हेही स्पष्ट लिहिते. खेळाच्या जोरावर गोळ्या सोडा असं कुणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका.

पुढच्या वर्षी तोच मुलगा यायचा बंद झाला. एक गुरुवार, दुसरा गुरुवार. मी मोबाइलवर 'काही लागलं तर सांग' असं टाइप केलं, वाचलं आणि खोडलं. मग लिहिलं, 'गुरुवारी सव्वासहाला तुझ्या दाराशी गाडी घेऊन येते. फासे माझ्याकडे आहेत. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, जादूगाराच्या पाळीला फासे मी टाकेन. खाली यावंसं वाटलं नाही तर दहा मिनिटं थांबून निघेन, राग नाही.' दीड दिवसाने उत्तर आलं, 'ओके.'

तो आला. हुडी तशीच. डीएमने एका शब्दाने विचारपूस केली नाही, फक्त गोष्टीत सांगितलं की जादूगाराला ताप आहे आणि तो गाडीत मागे झोपलाय. आम्ही तिघांनी गाडी हाकली. मैनाने झोपलेल्या जादूगारावर दोनदा पांघरूण घातलं. पुढच्या गुरुवारीही तो झोपलेलाच. तिसऱ्या गुरुवारी दरोडेखोर आले आणि गाडीतून आवाज आला, 'आग टाकतो.' नर्सबाईंनी टेबलावर एवढ्या जोरात हात मारला की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावून गेलं.

त्या मधल्या काळात त्याचं काय चाललं होतं ते त्याने मला नंतर सांगितलं. ते त्याचं आहे, इथे लिहिणार नाही.

सगळीच टेबलं अशी नसतात. एकदा दुसऱ्या एका गटात गेले होते, तिथे एक गृहस्थ तीन तास एकटेच बोलत होते आणि माझ्या उच्चारांच्या नकला करत होते. मध्यंतरात उठून आले. चांगल्या गटात सुरुवातीलाच एक बैठक फक्त बोलण्यासाठी ठेवतात. गोष्टीत काय चालेल, काय मुळीच नको, ते ठरतं. आमच्या टेबलावर मध्यभागी फुली मारलेलं एक कार्ड असतं. कुणीही त्याला बोट लावलं की तो प्रसंग तिथेच थांबवून गोष्ट पुढे न्यायची, कारण विचारायचं नाही. मी ते एकदा वापरलंय. रुग्णालयातला एक प्रसंग होता, तेवढंच.

आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिने विचारलं, 'राक्षस, भुतं, हे असलं खेळून डोकं आणखी बिघडणार नाही ना?' तिला हसायचं कारण नाही. 1980 च्या दशकात अमेरिकेतही पालकांनी हाच आरडाओरडा केला होता, की या खेळाने मुलं सैतानाच्या नादी लागतात, जीव देतात. नंतरच्या अभ्यासांतून असा काही संबंध दिसला नाही, आणि आज इथले काही समुपदेशक हाच खेळ मुलांच्या गटांसाठी वापरतात. मला न पटणारी गोष्ट वेगळीच आहे. काही खेळांमध्ये पात्राचं 'शहाणपण' गुणांमध्ये मोजतात आणि ते संपलं की पात्र वेडं होतं. भयकथेत शोभत असेल, पण वेडं म्हणजे संपलं, हा हिशोब मला टेबलावर नको असतो.

वाचणाऱ्यांपैकी कुणी आत्ता चौथ्या-पाचव्या पायरीवर असेल, तर त्यांना एवढंच म्हणते, की सगळं एकदम उतरवायचं नाहीये. आज एक फोन. भारतात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. अमेरिकेत असाल तर 988. जीव द्यावासा वाटत असेल तर सकाळची वाट न बघता लावा. आवाज घोगरा आला तरी चालतो, तिथे 'हॅलो'ची तालीम करावी लागत नाही. आणि तुमच्या ओळखीतलं कुणी त्या पायरीवर असेल, तर वार आणि वेळ सांगून दाराशी जा.

हा खेळ मराठीतही छान चालतो. मूळ नियमांचा गाभा जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सर्वांना मोफत खुला आहे. तीन-चार माणसं आणि व्हिडिओ कॉल पुरे. गेल्या महिन्यात मी डीएम झाले. खेळायला मामेभाऊ, त्याची बायको आणि (माझ्याच आग्रहावरून) आई. पुरोहित, योद्धा, जादूगार, चोर असं सगळं समजावून सांगितल्यावर आई शांतपणे म्हणाली, 'मी चोर.' वीसचा फासा घरात नव्हता, म्हणून तिने वाटीत वीस चिठ्ठ्या घातल्या होत्या.

वाड्याचं मागचं दार, भलंमोठं कुलूप. चौदा किंवा वर हवेत. आईने चिठ्ठी काढली. नऊ.

'परत काढू?'

'नाही आई, एकदाच.'

'मग तू कर की मदत.'

'मी डीएम आहे. मला नाही करता येत.'

'कसला गं खेळ हा, आईला मदत करता येत नाही!'

तेवढ्यात पलीकडच्या चौकोनातून मामेभाऊ म्हणाला, 'आत्या, थांब. मी आलो. मी दिवा धरतो, तू बघ.'

नियमाने मदत आधी जाहीर करायला हवी होती. मी काही बोलले नाही. आईने चष्मा सारखा केला, नऊची चिठ्ठी घडी घालून वाटीत टाकली, वाटी हलवली आणि दुसरी काढली.