पिल्लू आणायचे की मोठी मांजर

रविवार, १३ जुलै २०२५
कोथरूड

गेले तीन आठवडे घरात एकाच विषयावर बोलणे चालू होते आणि आज त्याचा निर्णय झाला, म्हणून सगळे नीट लिहून ठेवते. सोनी गेली त्याला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. पंधरा वर्षे ती या घरात होती. शेवटच्या चार महिन्यांत तिची मूत्रपिंडे निकामी होत गेली, तेव्हा तिला एक दिवसाआड कातडीखाली सलाईन द्यावे लागे आणि तेवढा वेळ तिला मांडीवर धरून बसण्याचे काम आई करी. त्यानंतर दुसऱ्या मांजराचा विषय आम्ही दोघींनीही काढला नाही.

तो निघाला जूनच्या पावसात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका बंद पडलेल्या स्कूटरच्या आडोशाला एक भाटी व्यायली. मांजर आपली पिल्ले सात घरी फिरवते असे आपल्याकडे म्हणतात. हिने पाणी साचताच तिन्ही पिल्ले मानगुटीला धरून जिन्याखाली नेली आणि तिथून मीटरच्या खोलीत. तिथेच मी त्यांतले पिवळे पिल्लू प्रथम हातात घेतले. ते तळहातावर मावत होते, डोळ्यांचा निळेपणा अजून पालटला नव्हता, शेपूट अगरबत्तीसारखी ताठ होती, आणि माझ्या अंगठ्याची चव घेऊन पाहिल्यावर ते तिथेच, हातातच, झोपी गेले. त्या क्षणी माझा निर्णय झालेला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्याच संध्याकाळी मी आमच्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका, बारापर्यंत ठेवता आले तर अधिक चांगले, असे त्यांनी सांगितले. कारण खेळताना किती जोरात चावायचे आणि कुठे थांबायचे हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडूनच शिकते. तीन रोगांची एकत्रित लस साधारण आठव्या आठवड्यापासून सुरू करून ती तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत पुन्हा द्यायची, रेबीजची लस वेगळी, जंतांचे औषध त्याहून आधी, आणि चार-पाच महिन्यांचे झाले की शस्त्रक्रिया. गाईचे दूध मात्र द्यायचे नाही. हे ऐकताना मला सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या घरातले एक काळे पिल्लू आठवले. आम्ही मुलांनी त्याला मायेने वाटी-वाटी दूध पाजले होते आणि हगवण लागून ते दोन दिवसांत गेले. तेव्हा आम्हाला कोणी सांगितले नव्हते, आणि आजही ते आठवले की घशाशी येते.

या कष्टांची मला भीती नव्हती. मला काळजी होती ती आईच्या पायांची. ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, दोन वर्षांपूर्वी तिच्या खुब्याचे ऑपरेशन झाले आणि ती वॉकर धरून चालते. दिवसभर पायांत घुटमळणारे, पडद्यावरून थेट वॉकरवर उडी घेणारे पिल्लू या घरात कसे चालणार, हे तिच्यापाशी कसे काढावे याचा विचार मी करत होते. शेवटी बोलली तीच, पण तिचे गणित निराळे होते. ती म्हणाली, "अगं, माझं सोड. तुझी एकसष्टी झाली. पिल्लू नीट जगलं तर पंधरा-सोळा वर्षं जगतं. तू सत्त्याहत्तरची होशील, आणि त्याला सलाईन लावायची वेळ येईल तेव्हा तुझ्याजवळ धरून बसायला कोण असेल?" आई माझ्या म्हातारपणाचा विचार करत असेल, हे माझ्या कधी मनातही आले नव्हते.

दुसरे मांजरही तिनेच सुचवले. शनिवार पेठेत तिच्या माहेरच्या शेजारचे एक काका राहतात. त्यांचा वाडा आता पाडायचा आहे, नवी इमारत होईपर्यंत ते भाड्याच्या फ्लॅटमध्ये जात आहेत आणि तिथे प्राणी ठेवायला परवानगी नाही. पेठांमधला एकेक वाडा पडतो तेव्हा माणसांच्या सामानाची सोय होते, पण तिथल्या मांजरांचे काय होते हे कोणी विचारत नाही, याचे मला फार वाईट वाटते. काकांनी विचारले होते.

गुरुवारी, गुरुपौर्णिमेला, आम्ही दोघी रिक्षाने जाऊन आलो. मनी सात वर्षांची आहे. राखाडी अंगावर काळे पट्टे, आणि शस्त्रक्रिया झाल्याची खूण म्हणून डाव्या कानाचे टोक कापलेले. आम्ही गेलो तेव्हा ती पलंगाखाली होती आणि अर्धा तास बाहेर आली नाही. मोठी मांजर घराला ओळखते, माणसाचा लळा तिला लागत नाही, हे लहानपणापासून ऐकलेले वाक्य माझ्या मनात घट्ट बसले होते आणि मी तिथून उठायलाच निघाले होते. तेवढ्यात काकांनी तिच्या खाण्याच्या स्टीलच्या डब्याचे झाकण दोनदा वाजवले. ती बाहेर आली, थोडे खाल्ले, आणि मग आईच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर वॉकरच्या पायाशी बसली. आईने हात पुढे केला नाही, नुसते पाहत राहिली. मनीने डोळे सावकाश मिटले, उघडले, पुन्हा मिटले. आईने वॉकर सरकवला, तेव्हा ती शांतपणे बाजूला झाली आणि परत तिथेच बसली. पिल्लाविषयी आपण अंदाज करतो. हिचा स्वभाव समोर दिसत होता.

तिला रुळायला काही आठवडे लागतील, असे डॉक्टर म्हणाले. पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवायचे, लपली तर ओढून काढायचे नाही. सात वर्षांची म्हणजे म्हातारी नव्हे, पण वर्षातून एकदा दात आणि रक्त तपासून घ्यायचे.

पिवळ्याला सोडताना मला जड गेले, ते जाईलही. दुसऱ्या मजल्यावरचे कुटुंब त्याला आणि त्याच्या एका भावंडाला बारा आठवडे पूर्ण झाल्यावर एकत्र नेणार आहे. दोघे मिळून मस्ती करतील हे चांगलेच. तिसरे रखवालदाराच्या मुलीने मागितले आहे. भाटीच्या शस्त्रक्रियेचा खर्च मी करणार आहे, आणि पिल्ले दूध सोडताच ती करायची आहे, कारण अंगावर पिल्ले असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत मीटरच्या खोलीत पुन्हा हेच चित्र दिसेल.

आज दुपारी बाल्कनीत कबुतरांसाठी लावलेली जाळी कडेने तपासून घेतली आणि एका कोपऱ्यातले भोक तारेने शिवले. संध्याकाळी काकांना फोन केला. येत्या शनिवारी मनीला घेऊन या, तिची गोधडी धुऊ नका, तशीच आणा, म्हणजे तिला आपला वास सापडेल, आणि तो डबाही झाकणासकट पाठवा, असे त्यांना सांगितले.