‘हॅड’ या एका शब्दापासून : इंग्रजी लेखन शिकतानाचा माझा अनुभव

माझे शालेय शिक्षण सातारा जिल्ह्यातील एका गावात, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत झाले. महाराष्ट्रातील मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. मी त्याआधीच्या पिढीतली, त्यामुळे इंग्रजीची मुळाक्षरे मी १९९५ साली, पाचवीत गेल्यावर गिरवली. दहावीपर्यंत व्याकरणात मी कच्ची नव्हते. ‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’ या प्रश्नातली वाक्ये मी बिनचूक सोडवत असे: प्रयोग बदलणे, ‘टू’ काढून वाक्य पुन्हा लिहिणे, ‘नो सूनर’नंतर ‘दॅन’ घालणे. निबंध पाठ केलेले असत. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एखादी गोष्ट स्वतःच्या पाच इंग्रजी वाक्यांत लिहिण्याची वेळ मात्र शाळेत आणि पुढे बी.एस्सी.लाही माझ्यावर आली नाही.

ती वेळ आली नोकरीत. दौंडजवळच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्याच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत मी रसायनशास्त्रज्ञ म्हणून लागले. सुरुवातीची वर्षे छापील तक्त्यांत आकडे भरण्यात गेली. वरच्या पदावर गेल्यावर डेव्हिएशन अहवाल लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. ठरवून दिलेल्या पद्धतीपेक्षा काही वेगळे घडले, तर काय घडले, केव्हा घडले, कोणामुळे घडले, त्याचा बॅचवर काय परिणाम झाला आणि पुन्हा तसे होऊ नये म्हणून काय केले, हे सारे त्या अहवालात लिहावे लागते. तो वाचणारा माणूस घटनेच्या वेळी तिथे नसतो. कधी कधी तो दोन वर्षांनी, दुसऱ्या देशातून तपासणीसाठी आलेला असतो, आणि त्याच्यापुढे आमचा कागद सोडून दुसरे काहीही नसते.

माझ्या पहिल्या काही अहवालांपैकी एक असा होता. सकाळी बॅलन्स, म्हणजे प्रयोगशाळेतला वजनकाटा, वापरण्यापूर्वी प्रमाणित वजने ठेवून तो तपासायचा, असा नियम आहे. त्या दिवशी एका सहकाऱ्याने आधी सॅम्पलचे वजन केले आणि तपासणी राहिल्याचे लक्षात आल्यावर नंतर बॅलन्स तपासला. मी लिहिले, ‘द अ‍ॅनालिस्ट वेड द सॅम्पल अँड द बॅलन्स हॅड बीन चेक्ड.’ गुणवत्ता हमी विभागातील सरांनी मला बोलावून विचारले, “तपासणी आधी झाली की नंतर?” मी म्हणाले, “नंतर, सर.” ते म्हणाले, “तुम्ही तर आधी झाल्याचे लिहिले आहे.” जी चूक कळवण्यासाठी अहवाल लिहायचा, तीच चूक माझ्या वाक्याने पुसून टाकली होती. औषधाच्या क्षेत्रात खोटी नोंद हा फार गंभीर दोष मानला जातो, आणि मी तर एकही गोष्ट लपवली नव्हती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमच्या आळीत एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका राहत. मी त्यांच्याकडे गेले आणि पुढे जवळजवळ दीड वर्ष दर रविवारी सकाळी जात राहिले. मला वाटले होते की बाई पुन्हा काळांचे तक्ते काढतील. त्यांनी तो अहवाल वाचला आणि म्हणाल्या, “इंग्रजी राहू दे बाजूला. हे वाक्य तुझ्या मनात मराठीत कसे होते, ते सांग.” मी सांगितले, “बॅलन्स तपासला होता.” त्यांनी विचारले, “यात ‘होता’ कशासाठी?” मला उत्तर देता आले नाही.

‘मी काल बाजारात गेले होते’ असे आपण सहज म्हणतो. त्या ‘होते’मुळे गोष्ट होऊन गेली, एवढेच ऐकणाऱ्याला कळते, दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधी ती झाली, असे दर वेळी सुचवायचे नसते. मराठीत हे रूप दोन्ही कामे करते आणि कोणते काम चालू आहे, ते संदर्भावरून समजते. इंग्रजी ‘हॅड’ भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीची कोणती, हे दाखवतो. मी शाळेत पूर्ण भूतकाळाची व्याख्या पाठ केली होती, पण लिहिताना हात व्याख्येकडे न जाता ‘होता’कडे जात होता आणि प्रत्येक ‘होता’च्या जागी ‘हॅड’ ठेवत होता. बाईंनी मला एक वही घालायला लावली. प्रत्येक चुकीसाठी तीन ओळी: पहिलीत चुकलेले इंग्रजी वाक्य, दुसरीत त्याच्या मुळाशी असलेले मराठी वाक्य आणि तिसरीत दुरुस्त वाक्य. मधली ओळ लिहिल्याशिवाय तिसरी लिहायची नाही, असा त्यांचा दंडक होता. माझे लेखन सुधारले ते या मधल्या ओळीमुळे, असे मी आजही मानते.

वहीत लवकरच चुकांची कुळे दिसू लागली. अहवालासाठी मी एका ऑपरेटरचा जबाब घेतला होता. तो म्हणाला की मी स्टरर (मिश्रण ढवळणारे यंत्र) बंद करायला विसरलो. मी लिहिले, ‘ऑपरेटर टोल्ड दॅट आय फरगॉट टू स्विच ऑफ द स्टरर.’ मराठीत ‘की’नंतर बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे येऊ शकतात आणि त्यातला ‘मी’ बोलणाऱ्याचाच राहतो; इंग्रजीत ‘दॅट’नंतरचा ‘आय’ लिहिणाऱ्याचा होतो. म्हणजे त्या कागदावर विसरलेली व्यक्ती मी ठरत होते. शिवाय ‘टोल्ड’ला कोणाला सांगितले ते लागतेच, ‘सेड’ला लागत नाही. अप्रत्यक्ष कथनाची शेकडो वाक्ये शाळेत सोडवूनही हा फरक मला कळला तो त्या जबाबामुळे. ‘जरी’ला ‘तरी’ची जोड असते, म्हणून मी ‘ऑल्दो’नंतर ‘बट’ लिहीत असे. इंग्रजीला त्यातला एकच शब्द पुरतो. ‘तापमान वाढेल तर’ या धर्तीवर ‘इफ द टेम्परेचर विल राइज’ लिहीत असे. तिथे ‘राइजेस’ हवे. ‘विषयी चर्चा करणे’ यातून ‘डिस्कस अबाउट’ आले होते. अशा चुका एकदा मूळ दिसले की सुटत गेल्या.

उपपदांनी मात्र मला फार काळ झुंजवले. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ नाहीत, एवढे सांगून पुस्तके पुढे जातात आणि आपण त्यांचे नियम पाठ करू लागतो. बाईंचे म्हणणे निराळे होते: उपपदे नाहीत म्हणून ती जाणीवच आपल्या भाषेत नाही, असे समजू नये. लग्नाच्या बोलणीत ‘आम्ही मुलगी पाहिली’ आणि ‘आम्ही मुलीला पाहिले’ यांत फरक आहे, आणि तो घरातल्या लहान पोरालाही कळतो. दुसऱ्या वाक्यातली मुलगी कोणती, ते बोलणारा व ऐकणारा या दोघांनाही ठाऊक असते. निर्जीव वस्तूंच्या बाबतीत हे काम ‘तो, ती, ते’ किंवा नुसता संदर्भ करतो. ‘बाटली आण’ आणि ‘ती बाटली आण’ या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. बाईंनी मला एकच कसोटी दिली. वाचणाऱ्याला ‘कोणती?’ असा प्रश्न पडणार नसेल तर ‘द’, आणि मोजता येणारी एकच वस्तू असून तो प्रश्न पडणार असेल तर ‘अ’.

ही कसोटी मी माझ्याच अहवालांना लावली. ‘सॅम्पल वॉज केप्ट इन ओव्हन’ हे माझे नेहमीचे वाक्य होते. आमच्या प्रयोगशाळेत तीन ओव्हन होते. ‘अ‍ॅन ओव्हन’ लिहिले तर तिघांपैकी कोणता ते सांगितले जात नाही. ‘द ओव्हन’ लिहिले तर वाचणाऱ्याला तो आधीच माहीत आहे, असे गृहीत धरले जाते. खरे तर अहवालाला दोन्ही चालणार नव्हते, तिथे ओव्हनचा क्रमांकच हवा होता. मी उपपद शोधत होते आणि मला सापडला तो माझ्या माहितीतला खड्डा. तेव्हापासून व्याकरण हा मला केवळ शुद्धतेचा प्रश्न वाटेनासा झाला. मोजता न येणाऱ्या नामांची शिस्त याच ओघात अंगवळणी पडली. ‘उपकरणे’ अनेकवचनी आहेत म्हणून ‘इक्विपमेंट्स’ आणि काचेची भांडी अनेक म्हणून ‘ग्लासवेअर्स’ लिहिण्याची सवय आमच्या सगळ्या विभागाला होती.

विरामचिन्हांविषयी थोडे सांगायला हवे. मराठीत ही चिन्हे इंग्रजीच्या संपर्कातून, मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नाने एकोणिसाव्या शतकात रुजली, हे मला बाईंनी सांगितले. चिन्ह तेच असले तरी आपण त्याला आपले वळण लावले आहे. दोन पूर्ण वाक्यांमध्ये नुसता स्वल्पविराम देऊन पुढे जाणे मराठीत खपते, इंग्रजीत तो दोष ठरतो. माझे अहवाल अशा जोडवाक्यांनी भरलेले होते.

व्याकरण बऱ्यापैकी सावरल्यावरही अहवाल वाचनीय होत नव्हते. त्याचे कारण क्रमात होते. मी पार्श्वभूमीपासून सुरुवात करत असे आणि मुख्य घटना शेवटाकडे येई. लिहिण्याआधी मी आता एका कोऱ्या कागदावर मराठीत फक्त वेळा आणि घटना मांडते: ९.१० वजन केले, ९.२५ तपासणी राहिल्याचे लक्षात आले, ९.३० बॅलन्स तपासला. मग काय चुकले ते पहिल्याच इंग्रजी वाक्यात लिहिते. कच्चा मसुदा एक रात्र तसाच ठेवते आणि सकाळी मोठ्याने वाचते, कारण डोळ्यांना न दिसलेली चूक पुष्कळदा कानाला खटकते. बाईंकडे जाणे थांबले तेव्हा माझे अहवाल भाषेच्या कारणाने परत येणे जवळजवळ बंद झाले होते.

वही मात्र चालू आहे आणि तिच्यातली काही पाने अजून सुटलेली नाहीत. ‘सकाळी’, ‘दुपारी’, ‘रात्री’ हे तिन्ही शब्द मराठीत एकाच प्रत्ययाने होतात. इंग्रजीत ‘इन द मॉर्निंग’, ‘इन द आफ्टरनून’ आणि मग एकदम ‘अ‍ॅट नाइट’, तेही उपपदाशिवाय. बाईंनी कारण विचारल्यावर मला सांगता आले नव्हते, आणि त्यांनीही हे नुसते लक्षात ठेव, असे सांगितले. त्या नोंदीतली मधली ओळ मी रिकामी सोडली आहे.