काटेकोरपणा यंत्राकडे सोपवा

कोडच्या शैलीचे नियम किती कडक असावेत, हे तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी भेटले की एक प्रश्न हमखास येतो: ओपन सोर्स (कोड सर्वांना खुला असलेल्या) प्रकल्पात कोडच्या शैलीचे नियम, म्हणजे इंडेंट (ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा) किती, ओळ किती लांब, नावे कशी ठेवायची, हे किती कडकपणे पाळायला लावावेत? माझ्या मते जो नियम यंत्राला तपासता येतो तो कुणालाही सवलत न देता लावावा, आणि जो यंत्राला तपासता येत नाही तो माणसाने क्वचितच, तोही कारण सांगून लावावा.

या मतापर्यंत मी एका चुकीमुळे आलो. देवनागरी मजकुरात शोध घेणारी पायथन भाषेतील एक छोटी लायब्ररी (इतर प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड) मी सांभाळतो. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवला जातो: नुक्ता असलेल्या ऱ ला हलन्त जोडून, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह ठेवून. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण शोधात एक सापडते आणि दुसरे निसटते. खानापूरच्या एका विद्यार्थ्याने हा दोष हेरून त्यावर नेमका उपाय पाठवला. मी त्यावर अकरा शेरे लिहिले आणि ते सगळे रिकाम्या जागा, अवतरणचिन्हे आणि ओळींची लांबी यांविषयी होते. त्याने शोधलेल्या दोषाबद्दल त्यांत एक शब्दही नव्हता. तो पुन्हा आला नाही, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

माझे वडील बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागात लेथवर काम करीत. तिथे बोअरचे (भागातील गोल छिद्राचे) माप प्लग गेजने पाहतात: गेजचे एक टोक आत गेले पाहिजे आणि दुसरे जाता कामा नये. जॉब (घडवलेला भाग) नापास झाला तरी नव्या कामगाराला अपमान वाटत नसे, कारण निकाल गेज देत असे आणि मिस्त्रीच्या जॉबलाही तेच गेज लागत असे. शिवाय ड्रॉइंगवर प्रत्येक मापाला सारखाच टॉलरन्स (मापात चालणारा फरक) नसतो. बेअरिंग बसते तिथे तो अगदी कमी असतो, आणि कास्टिंगचा (ओतीव तुकड्याचा) जो बाहेरचा भाग कशालाच टेकत नाही तो खडबडीतच सोडतात.

कोडमध्ये हे गेज म्हणजे फॉरमॅटर, कोडची मांडणी आपोआप नियमात बसवणारे साधन. २००९ मध्ये गो भाषा जाहीर झाली तेव्हा तिच्यासोबत गोफम्ट हा फॉरमॅटर आला, आणि त्या भाषेपुरता इंडेंट टॅबने द्यावा की स्पेसने हा वाद जवळपास संपला. पायथनची पेप ८ ही नियमावली २००१ पासून ओळीला ७९ अक्षरांची मर्यादा सांगते, तर ब्लॅक हा फॉरमॅटर ८८ मानतो. लिनक्स या कार्यप्रणालीच्या कर्नलच्या (गाभ्याच्या) तपासणी-स्क्रिप्टने २०२० मध्ये आपली इशाऱ्याची मर्यादा ८० वरून १०० वर नेली. कोणताही एक आकडा ठरवावा, तो सेटिंगच्या फाइलीत लिहावा आणि रिव्ह्यूमध्ये (दुसऱ्याचा कोड तपासताना) त्यावर पुन्हा बोलू नये. पेप ८ स्वतःच सांगते की नियम पाळल्याने कोड वाचायला अवघड होत असेल तर तो बाजूला ठेवावा.

शैलीला महत्त्वच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमधील एक गंभीर दोष उघड झाला. ‘गोटू फेल’ (पुढचे सोडून थेट शेवटी जा) ही ओळ दोनदा आली होती, वरच्या अटीला महिरपी कंस नव्हते आणि इंडेंटमुळे दुसरी ओळही अटीच्या आतलीच भासत होती. प्रत्यक्षात ती दरवेळी चालत होती आणि पुढची स्वाक्षरी-तपासणी टळत होती. अटीला कंस असलेच पाहिजेत, हा नियम बेअरिंगच्या मापासारखा आहे. नावांचे तसे नाही. दिशाभूल करणाऱ्या नावावर मी अडून बसतो, पण मला न आवडणाऱ्या नावावर अडण्याचा अधिकार मला आहे असे आता वाटत नाही.

जुन्या कोडची मांडणी एकदम बदलायची असेल तर ती कमिट (बदलांची एक नोंद) वेगळीच ठेवावी. कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिट या साधनाच्या २.२३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, ओळ कुणी लिहिली हे पाहताना अशा कमिट वगळता येतात. नाहीतर प्रत्येक ओळीवर फॉरमॅटर चालवणाऱ्याचेच नाव दिसू लागते.

आता कुणाचा उपाय योग्य असेल आणि केवळ मांडणी बिघडलेली असेल, तर मी स्वतः फॉरमॅटर चालवून तो स्वीकारतो. गिट लेखक आणि कमिट करणारा यांची नोंद वेगवेगळी ठेवते. खानापूरच्या त्या विद्यार्थ्याचा उपायही मी पुढे असाच लायब्ररीत घेतला, आणि त्या ओळींचा लेखक म्हणून तिथे त्याचेच नाव आहे.