मुरमातला अकीक ओळखायचा कसा

मालाड-कांदिवलीच्या खडीच्या खाणींतला हिरवट प्रेनाइट हे खनिज जगभरच्या संग्रहांत आहे. खाणींच्या परिसरात आता इमारती, आणि राष्ट्रीय उद्यानातून दगड उचलायला बंदी. तेव्हा अकीक (इंग्रजीत अ‍ॅगेट, पट्ट्यापट्ट्यांचा पारभासी दगड) हवा असेल तर मुंबईकराने सरळ कसारा किंवा बोर घाट चढून देशावर जावं.

काळ्या कातळात, म्हणजे बेसाल्टमध्ये, लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या. त्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपत गेलं, थरावर थर बसले, अकीक झाला. पुढे कातळ कुजून मुरूम होतो, मुरमाची माती होते. अकीक मात्र तसाच उरतो. म्हणून घण घेऊन कातळावर तुटून पडण्यात अर्थ नाही. बेसाल्टच्या कपच्या डोळ्यात जातात आणि आतला खडाही तडकतो. ओढ्याच्या वळणाच्या आतल्या बाजूचा गोटा, नव्या विहिरीचा उपसा, पावसाने धुतलेलं नांगरट रान, हे बघा. पावसाळा संपून पाणी उतरलं की उत्तम. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर सूर्याकडे तोंड करून चाला: अकीक पारभासी असल्याने उजेडात पेटल्यासारखा दिसतो. कोरडा खडा मात्र फसवतो, पाण्याची फवाऱ्याची बाटली जवळ असू द्या.

बाहेरून अकीक बटाट्यासारखा ओबडधोबड, कधी हिरवट सालीचा. चाकूचं पातं ओढा. अकीकाची कठिणता साधारण 7, पोलादाची साडेपाचच्या आसपास. त्यामुळे दगडावर ओरखडा न उठता पात्याचीच करडी रेघ उमटते. चाकूने सहज खरवडलं तर बहुधा कॅल्साइट (कठिणता 3) किंवा झिओलाइट (बेसाल्टच्या पोकळ्यांतच वाढणारं मऊ खनिज). फुटलेली बाजू मेणचट आणि शिंपल्यासारखी वळलेली हवी. जॅस्पर हा अकीकाचा बहुधा लाल, अपारदर्शक भाऊबंद. तोही तितकाच कठीण, पण त्यातून टॉर्चचा उजेड जात नाही. नवखे लोक लाव्हाच्या दोन थरांमधली भाजकी लाल माती जॅस्पर म्हणून पिशवीत भरतात. ती नखानेही उकरते, जिभेला चिकटते.

अश्मीभूत लाकूड इकडे शोधत बसू नये. पट्ट्यापट्ट्यांचा दगड दिसला तर तो अकीकच असण्याची शक्यता जास्त. झाडांचे जीवाश्म पाहायचे तर गडचिरोलीत सिरोंचाजवळ वडधम आहे. तिथे बघायचं, उचलायचं नाही.

जमीन सरकारी म्हणजे कुणाचीच नाही, हा समज महागात पडतो. अकीक आणि जॅस्पर 2015 पासून गौण खनिजांत मोडतात, नियमन राज्याकडे. वनजमिनीतला दगड 1927 च्या वन अधिनियमानुसार वनोपज. पोती भरली की परवाना आणि स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) प्रश्न आलाच. आमच्या मते सगळ्यांत बिनत्रासाची जागा म्हणजे शेतकऱ्याने रानातून वेचून बांधावर टाकलेल्या दगडांचा ढीग. आधी त्याला विचारा, दोन-चार खडे घ्या, ढीग विस्कटून जाऊ नका.

घरी साबण, पाणी आणि जुना ब्रश पुरतो. गंजाचे डाग ऑक्झॅलिक आम्लाने जातात. हातमोजे घाला, प्लास्टिकचं भांडं वापरा, नंतर सोड्याच्या पाण्यात बुडवा. खड्याला झिओलाइट चिकटलेला असेल तर आम्ल टाळा, तो विरघळून बुळबुळीत होतो. टंबलर (खडे घासून गुळगुळीत करणारं फिरतं यंत्र) घेतलात तर त्याचं पिंप दोन-तृतीयांशापेक्षा थोडं जास्त भरा, एकाच कठिणतेचे खडे टाका. कमी भरलं तर खडे आपटून चंद्रकोरीसारखे टवके उडतात. पहिली भरड घासणीच आठवडाभर रात्रंदिवस चालते, त्यामुळे खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवा. उरलेला राडा बेसिनमध्ये ओतू नका. पाइपात तो सिमेंटसारखा बसतो. बादलीत निवळू द्या, वरचं पाणी काढा, गाळ सुकवून कचऱ्यात टाका.