ओपेमस एन्लार्जर : संच न मोडता विक्री

दांडिया बाजारातील एका बंद झालेल्या स्टुडिओतून बडोद्यातच माझ्या घरी आणलेल्या डार्करूमच्या सामानापैकी मेओप्टा कंपनीचा ओपेमस, ६ × ६ सेंमी निगेटिव्हपर्यंतचा एन्लार्जर (निगेटिव्हवरून कागदावर मोठी प्रिंट काढण्याचे यंत्र), आता विक्रीस काढण्याजोगा झाला आहे. सोबत ८० मिमीची आनारेत लेन्स, इझल (कागद सपाट धरणारी चौकट), ट्रे, टायमर आणि सेफलाइट (कागदावर परिणाम न करणारा डार्करूमचा मंद दिवा) आहेत, आणि हे सारे एकत्रच विकायचे असे मी ठरवले आहे.

एन्लार्जरच्या लेन्सना सध्या मागणी असते ती बरीचशी डिजिटल कॅमेऱ्यावर मॅक्रो छायाचित्रण करणाऱ्यांची. एल-निक्कोर ५० मिमीसारखी लेन्स ३९ मिमी आट्यांच्या अडॅप्टरने बेलोजवर (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामधल्या घडीच्या भात्यावर) सहज बसते, त्यामुळे ती हातोहात खपते. मागे उरलेले एन्लार्जरचे डोके (दिवा आणि निगेटिव्ह धरणारा वरचा भाग), खांब आणि खालचा पाट मात्र भंगाराच्या काट्यावर जातात. असा संच मोडला की प्रिंट काढायला शिकू पाहणाऱ्या कुणाची तरी वाट बंद होते. स्टुडिओवाल्या काकांनीही सामान देताना एवढेच सांगितले होते : ‘‘चालू करून वीक, बाबा. लेन्स काढून बाकीचं फेकू नकोस.’’

पावसाळी दमटपणामुळे कंडेन्सरच्या, म्हणजे दिव्याचा प्रकाश निगेटिव्हवर एकवटणाऱ्या, भिंगांवर बुरशी पसरली होती. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया समप्रमाणात घेऊन, खिडकी उघडी ठेवून, कापसाने हलकेच पुसल्यावर ती निघाली. एक पुसट खूण राहिली आहे, परंतु ती निगेटिव्हच्या प्रतलापासून दूर असल्याने प्रिंटवर उमटत नाही. तरीही विक्रीच्या वर्णनात तिचा उल्लेख छायाचित्रासह करणार आहे.

सर्वाधिक वेळ गेला तो डोके, लेन्स आणि पाट समांतर करण्यात. पूर्ण काळ्या झालेल्या फिल्मच्या तुकड्यावर सुईने मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत फुल्या ओरखडून तो निगेटिव्ह धरणाऱ्या कॅरियरमध्ये बसवला. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून मधली फुली फोकस केली, तेव्हा डावीकडच्या दोन्ही फुल्यांच्या कडा विरलेल्या दिसल्या. अ‍ॅपर्चर लहान केल्यास हा दोष झाकला जातो, म्हणून तपासणी नेहमी उघड्या अ‍ॅपर्चरवरच करावी. लेन्सबोर्डाखाली पितळी पत्र्याची पातळ पट्टी सरकवल्यावर पाचही फुल्या एकसारख्या स्पष्ट झाल्या.

सेफलाइटचा फिल्टर बदलावा लागला. कागदाला आधी फिकट करडा रंग येईल इतकाच प्रकाश देऊन, त्यावर नाणे ठेवून ५ मिनिटे सेफलाइटखाली ठेवले होते. डेव्हलप केल्यावर नाण्याचा गोल ठळक उमटला, म्हणजे सेफलाइटच कागद काळवंडवत होता.

सामानात उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सच्या ‘इंदू’ कागदाचे एक पाकीटही निघाले. त्यातील एक पट्टी थेट हायपोत (प्रतिमा पक्की करणाऱ्या द्रावणात) आणि दुसरी डेव्हलपरमधून काढून हायपोत घातली, तर दुसरी स्पष्टपणे करडी झाली, म्हणजे कागद आधीच खराब झालेला आहे. तो कागद प्रिंटसाठी म्हणून विकणे योग्य नाही. लुमेन प्रिंट करणाऱ्यांना, म्हणजे डेव्हलपरशिवाय उन्हातच कागदावर प्रतिमा उमटवणाऱ्यांना, तो दोष सांगून देईन. जुनी रसायने विक्रीत नाहीत.

महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला शाखेतील एका विद्यार्थ्याने विचारणा केली आहे. त्याच्याकडे ३५ मिमीच्या निगेटिव्ह आहेत. ८० मिमी लेन्सने त्याही छापता येतात, पण खांबाची उंची मर्यादित असल्याने प्रिंट फार मोठी होत नाही, हे त्याला आधीच सांगितले आहे. मोठ्या प्रिंटसाठी ५० मिमीची लेन्स त्याला नंतर घ्यावी लागेल. पैशांचे बोलणे त्याने इथे येऊन स्वतःची एक निगेटिव्ह छापून पाहिल्यानंतरच करायचे, असे ठरले आहे.