विकत मिळतं, मग घरी कशाला?

कुंडलिका खाडीवरच्या साळावच्या पुलाजवळ गळ टाकून उभा असलो की कुणीतरी विचारतंच, "गळाला आमिष म्हणून लावायचे एवढे रबरी मासे बाजारात मिळतात, तुम्ही घरी कशाला शिजवत बसता?" इतकी वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं : स्वस्त पडतं. ते खोटं आहे. प्लास्टिसोल म्हणजे साच्यात ओतायचं पातळ प्लास्टिक, रंग, चमकी, थर्मामीटर, वेगळी शेगडी, फुकट गेलेले साचे... हिशेब एकदाच मांडला आणि वही मिटून ठेवली.

खरं म्हणाल, तर विकतच्या माशाची शेपटी कुंडलिकेच्या संथ पाण्यात हलत नाही. मी ती मुळाशी पातळ ओततो. भरती थांबली तरी थरथरते. प्लास्टिसोल आधी दुधासारखं असतं, तापलं की पिठल्यासारखं घट्ट होतं आणि १७०-१८० अंशांच्या आसपास नितळ, पातळ. त्यापुढे गेलं की पिवळं पडतं, करपलं तर आम्लाची वाफ. म्हणून अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून. साचा दमट राहिला तर ते अंगावर उडतं. मनगटावरचा डाग त्याचाच, त्याचं कौतुक नको.

"हे काय उद्योग?" म्हणणाऱ्यांना मी ओहायोतल्या निक क्रीमचं नाव ऐकवायचो. १९४९ साली नवरा-बायकोने घरातच प्लास्टिकचं गांडूळ ओतलं म्हणे, आणि पुढे त्यावर कंपनी उभी राहिली. ऐकवताना छाती फुगायची.

गेल्या वर्षी गणपती आटोपल्यावर बाजारातून जिताडा आणला. डोकं मोठं, अंग बारीक. त्यावरूनच मावशीशी घासाघीस करून भाव पाडला होता. आईने विळीवर पोट फाडलं आणि हात थांबवला.

"हे तुझंच ना रे?"

कच्च्या कैरीचा हिरवा रंग, लाल चमकी. माझ्या प्लास्टरच्या साच्याचा एक टवका उडालाय, त्यामुळे माझ्या प्रत्येक माशाच्या पोटाशी मसुराएवढा फोड येतो. तोही होता. मी ओतलेल्यापेक्षा बराच फुगलेला, चपलेच्या पट्ट्यासारखा कडक. गळ नव्हताच. म्हणजे माशाने तोडून नेलेला नव्हता. फाटला म्हणून मीच खाडीत भिरकावलेला. तेव्हा मी सगळेच भिरकावायचो.

आईने तो तुकडा धुऊन ओट्यावर ठेवला. कालवण केलं. मी जेवलो. दोनदा भात घेतला, हेही सांगून टाकतो.

एका माशावरून काय सिद्ध होतं? पूर्वीचा मी हेच म्हणाला असता, आणि त्याला द्यायला माझ्याकडे धड उत्तर नाही. खाडीत पिशव्या येतात, जाळ्यांचे तुकडे येतात. पण त्यांवर माझा फोड नसतो. आता फाटलेले मासे डब्यात टाकतो, परत वितळवतो. खडकात अडकून तुटतात त्यांचं काय, ते विचारू नका. "जिवंत कोळंबी लाव ना," म्हणता. लावतो की, अधूनमधून. मासा जास्त लागतो. मजा येत नाही.

नवा साचा परवाच केलाय, गुळगुळीत. ओतायला घेतला आणि थांबलो. खिळ्याने तसाच एक टवका काढावा का? खिळा अजून शेगडीशेजारीच पडलाय.